पुन्हा धनुष्य हाती घेताना : बाणाच्या दांड्याचा विचार

धनुर्विद्येचा सराव एकदा सुटला आणि काही वर्षांनी तो पुन्हा धरावयाचे मनात आले, म्हणजे मनुष्य प्रथम धनुष्याची चौकशी करतो. कोणते घ्यावे, किती पाउंडांचे घ्यावे, माळ्यावर ठेवलेले जुने अजून चालेल काय, असे प्रश्न शाळेच्या मैदानाची व्यवस्था पाहणाऱ्या आम्हा मंडळींकडे वरचेवर येतात. बाणाविषयी क्वचितच कोणी विचारतो, आणि विचारलेच, तर "कार्बनचेच घेऊ ना?" एवढाच तो प्रश्न असतो. त्याचे उत्तर एका शब्दात देता येण्याजोगे नाही. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने ते थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

हा प्रश्न दोन प्रकारच्या मंडळींकडून येतो. पहिले आपले माजी विद्यार्थी. वसतिगृहात असताना बांबूच्या धनुष्यावर 'इंडियन राउंड' खेळलेली, पुढे काही जण रिकर्व्हकडे वळलेली ही मुले आज तिशी-चाळिशीत आहेत. नोकरी, संसार सांभाळून रविवारचे दोन तास त्यांना पुन्हा मैदानावर घालवावयाचे आहेत. दुसरे पालक. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिन येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघे कंपाउंड प्रकारात एकाच दिवशी वैयक्तिक विश्वविजेते झाले. अदिती तेव्हा अवघी सतरा वर्षांची होती. त्यापूर्वी फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेला होताच. आपल्याच जिल्ह्या-तालुक्यांतील ही नावे ऐकून अनेक आईवडिलांनी मुलांच्या हाती धनुष्य दिले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्या खेळाडूंच्या भात्यात जो बाण दिसतो तोच आपल्या मुलाला पहिल्या महिन्यात मिळाला पाहिजे, असा जो आग्रह त्यापाठोपाठ येतो, त्यात पैसा तर जातोच, कधी कधी हाताला इजाही होते. म्हणून हा लेखनप्रपंच.

बाण कशाचा असावा हे ठरविण्यापूर्वी तो कोणत्या धनुष्यातून सुटणार हे ठरावे लागते, आणि धनुष्य आपले आजचे शरीर ठरविते. विद्यार्थिदशेत ३६ पाउंडांचे रिकर्व्ह सहज ओढणारा मुलगा पंधरा वर्षे टेबलाशी बसून काम केल्यानंतर तेच धनुष्य ओढू लागला, तर ते ओढले जाईलही. कारण दंडात ताकद असते. परंतु धनुर्विद्येत भार पेलावयाचा असतो पाठीच्या स्नायूंनी, खांद्याची पाती एकमेकींकडे आणून, आणि हे स्नायू सर्वांत आधी विसरतात. मग खांदा वर चढतो, श्वास कोंडला जातो, बोटे घाईने सुटतात. चार रविवारांनंतर खांद्यात कळ येऊ लागते आणि पुनरागमन तेथेच संपते. आमचा साधा दंडक असा आहे : धनुष्य पूर्ण ओढून हनुवटीशी हात टेकवावा आणि मनात सावकाश दहा अंक मोजावे. हात थरथरला तर ते धनुष्य आज आपले नव्हे. परतणाऱ्या प्रौढ पुरुषाला बहुधा २२ ते २६ पाउंड पुरतात, स्त्रियांना व मोठ्या मुलांना त्याहून कमी. पहिले काही आठवडे पाच-सात मीटरवरून, लक्ष्याचा कागद न लावता, नुसत्या गवताच्या गाठोड्यावर बाण सोडावेत. हा सल्ला कोणालाच आवडत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे.

आता बाणाचा प्रश्न उभा राहतो. ३६ पाउंडांच्या काळातील जुने बाण घरी आहेत, चांगले सरळ आहेत, मग ते २४ पाउंडांच्या नव्या धनुष्याला का चालू नयेत? कारण ते त्या धनुष्यासाठी फार ताठर आहेत. येथे थोडे पदार्थविज्ञान आवश्यक आहे.

बोटांनी दोरी सोडली, म्हणजे ती सरळ पुढे जात नाही. बोटांवरून घसरताना ती किंचित बाजूला ढकलली जाते. बाणाचे मागचे टोक दोरीबरोबर बाजूला सरकते, तर पुढचे जड टोक जडत्वामुळे जागीच राहू पाहते. या दोहोंमध्ये दांडा वाकतो. वाकलेला बाण उसळून दुसऱ्या बाजूस वाकतो, आणि माशाने शेपटी हलवावी तसा वळवळत धनुष्याच्या कडेने निघून जातो. योग्य लवचिकतेचा बाण धनुष्याला वळसा घालून स्वच्छ सुटतो. फार ताठर असेल तर तो पुरेसा वाकत नाही आणि, उजव्या हाताने दोरी ओढणाराचा असेल तर, लक्ष्याच्या डावीकडे जातो. फार मऊ असेल तर उजवीकडे. हलक्या धनुष्याला मऊ दांडा लागतो, जड धनुष्याला ताठर. कंपाउंड धनुष्यात दोरी यांत्रिक रिलीजने सुटते, त्यामुळे हा बाजूचा झोका पुष्कळ कमी असतो. तरीही ताठरपणा जुळावा लागतोच.

या ताठरपणास 'स्पाइन' म्हणतात. तो मोजण्याची रीत इतकी सोपी आहे की, विज्ञानाच्या तासाला ती कोणत्याही शाळेत करून दाखविता येईल. २८ इंचांच्या अंतरावर दोन आधार ठेवून त्यांवर दांडा आडवा ठेवतात आणि बरोबर मध्यभागी ८८० ग्रॅमचे वजन टांगतात. दांडा जितका खाली झुकेल ते माप इंचाच्या हजाराव्या भागांत लिहितात. अर्धा इंच झुकला तर ५००, एक इंच झुकला तर १०००. म्हणजे अंक जितका मोठा, तितका दांडा मऊ. खरेदीच्या वेळी नेमका येथेच घोटाळा होतो. मोठा अंक म्हणजे अधिक मजबूत माल, असे समजून पालक ५०० ऐवजी १००० मागतात, किंवा दुकानात ५०० शिल्लक असतात म्हणून तेच घेऊन येतात. साधारण २० ते २६ पाउंडांच्या रिकर्व्हला ८०० ते १००० च्या आसपासचे, ३६ पाउंडांना ६०० ते ७०० च्या आसपासचे दांडे लागतात. नक्की अंक उत्पादकाच्या तक्त्यावरून, आपल्या ओढीची लांबी धरून पाहावा. लाकडी बाणांची रीत थोडी वेगळी आहे. तेथे आधारांमधील अंतर २६ इंच आणि वजन २ पाउंड असते, आणि २६ या संख्येला झुकावाने भागले की तो दांडा किती पाउंडांच्या धनुष्याला योग्य, हे मिळते. अर्धा इंच झुकला तर ५२ पाउंड, पूर्ण इंच झुकला तर २६.

दोन गोष्टी आणखी लक्षात घ्याव्यात. दांडा लांब ठेवला किंवा टोक जड लावले, तर तोच दांडा अधिक मऊ असल्यासारखा वागतो. आणि लांबीच्या बाबतीत परतणाराने कंजूषपणा करू नये. आज ओढ २६ इंच असली तरी पाठ मोकळी झाली की ती वाढते. मुलांची तर उंचीबरोबर वाढतच असते. बाण ओढीपेक्षा आखूड पडला तर पूर्ण ओढताना त्याचे टोक टेकूवरून मागे घसरते आणि सुटलेला बाण धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो. टोक टेकूच्या पुढे निदान दोन इंच राहील इतकी लांबी ठेवावी. कापणे नंतर केव्हाही करता येते.

आता एकेका पदार्थाकडे वळू. आणि आरंभ बांबू व लाकडापासूनच करणे योग्य, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी पहिला बाण त्याचाच सोडला.

पालि वाङ्मयाचा थोडा परिचय असणाऱ्या वाचकांस येथे मज्झिम निकायातील चूळमालुंक्य सुत्त आठवल्यावाचून राहणार नाही. विषारी बाण लागलेला मनुष्य तो काढू देण्यापूर्वी चौकशी करीत बसतो : धनुष्य कोणत्या जातीचे, दोरी रुईच्या तंतूंची की स्नायूची, दांडा रानात उगवलेल्या वेताचा की लावलेल्या, पिसे गिधाडाची की मोराची. घायाळ माणसाने हे प्रश्न विचारणे व्यर्थ, हे त्या दृष्टांताचे मर्म आपण जाणतोच. परंतु धनुर्विद्येचा अभ्यासक तो उतारा वाचताना क्षणभर निराळ्याच कारणाने थबकतो, कारण त्या काळच्या बाणकाराच्या दुकानात काय काय माल असे, याची जवळजवळ संपूर्ण यादीच तेथे मिळते. आणि ज्याला बाण सोडावयाचा आहे, त्याने मात्र हे सर्व प्रश्न विचारलेच पाहिजेत! महाजनक जातकात तर बाणकार प्रत्यक्ष काम करताना दिसतो. निखाऱ्यांवर दांडा तापवितो, आंबलेल्या पेजेने ओला करतो, एक डोळा मिटून दुसऱ्याने त्याच्या रेषेवरून पाहतो आणि वाक काढतो. हे वर्णन आजच्या कारागिरालाही कामाचे आहे. बांबू तापला की त्याचे तंतू नरम होतात, हव्या त्या दिशेने दाबून धरला आणि निववला की ते त्या आकारात बसतात; आणि एक डोळा मिटून पाहिल्याखेरीज वाक कळत नाही. साधने बदलली, परंतु बांबूला सरळ करण्याची रीत तीच राहिली.

बांबूचा गुण असा की, त्याचे बळ बाहेरच्या कवचात असते आणि आत तो हलका असतो. त्यामुळे दांडा सुटताना वाकला तरी लवकर सावरतो. दोष असा की, कोणतेही दोन दांडे सारखे नसतात. गाठी निरनिराळ्या अंतरांवर, जाडी बुंध्याकडे जास्त, शेंड्याकडे कमी. पूर्वी आपल्या मुलांना सहा बाण मिळत आणि त्यांतील दोन 'शहाणे', चार 'वेडे' असत. कोणता बाण किती डावीकडे जातो हे पाठ करून मुले नेम धरीत. ही पाठांतराची कला आहे, धनुर्विद्येची नव्हे. वीस-पंचवीस दांडे घेऊन, सोनाराच्या लहान काट्यावर वजन करून, वर सांगितल्याप्रमाणे झुकाव मोजून त्यांतून सहा-आठ सारखे निवडणे, हाच त्यावरचा उपाय. उरलेले फेकण्याचे कारण नाही. त्यांचा दुसरा, तिसरा संच होतो.

लाकडी दांडा, म्हणजे रंधून गोल केलेला पाइन वा सीडारसारख्या सरळ तंतूंच्या लाकडाचा, तुलनेने एकसारखा मिळतो. त्यात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते : तंतू टोकापासून शेवटपर्यंत सरळ गेले आहेत काय. मध्येच तिरकस बाहेर पडले असतील, तर दांडा तेथेच मोडतो आणि त्याचे अणकुचीदार टोक पुढे हाताकडे येते. खाच पाडताना दोरी आणि लाकडाचे पदर काटकोनात येतील अशी पाडावी. पदरांच्या दिशेने पाडली तर दोरीच दांडा चिरते. खाचेखाली दोऱ्याचे वेढे घट्ट घालावेत. पिसे एकाच बाजूच्या पंखांची असावीत. आणि आपल्याकडील पावसाळा विसरू नये. तेल किंवा व्हार्निश न दिलेला लाकडी बाण कोपऱ्यात तिरका टेकवून ठेवला, तर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत त्याची धनुकली होते. बाण आडवे ठेवावेत किंवा दोरीने टांगावेत.

लाकडी व बांबूच्या धनुष्याला लाकडी-बांबूचेच बाण शोभतात, असे आम्ही म्हणतो ते केवळ भावनेने नव्हे. अशा धनुष्यातून फार हलका बाण सोडला तर बाणाने न उचललेली शक्ती धनुष्याच्या बाहूंत परत जाते आणि ते तडकतात. एका पाउंडामागे आठ-दहा ग्रेन वजन धरावे, असा लाकडी धनुष्यांचा रूढ हिशेब आहे. म्हणजे ३० पाउंडांना २४० ते ३०० ग्रेन, सुमारे १६ ते १९ ग्रॅम. उलट, लाकडी बाण कंपाउंडवर कधीही लावू नये.

ॲल्युमिनियमची कथा तशी अलीकडची. अमेरिकेत डग ईस्टन या लाकडी बाणांच्या कारागिराला लाकडाच्या याच लहरीपणाचा कंटाळा आला आणि १९३९ मध्ये त्याने ॲल्युमिनियमच्या नळीचे बाण बनविण्यास आरंभ केला. या पदार्थाने धनुर्विद्येला एक गोष्ट दिली, जी त्यापूर्वी कोणालाही विकत मिळत नव्हती : बारा बाण, बाराही सारखे. त्यावरील अंक मात्र वेगळ्या पद्धतीचे असतात, त्यांची कार्बनच्या अंकांशी गल्लत करू नये. १८१६ असे लिहिले असेल, तर पहिले दोन अंक बाहेरचा व्यास इंचाच्या चौसष्टाव्या भागांत सांगतात आणि शेवटचे दोन नळीच्या भिंतीची जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत. म्हणजे व्यास १८/६४ इंच, जवळपास ७.१ मिलिमीटर, भिंत ०.०१६ इंच, जवळपास ०.४ मिलिमीटर.

ॲल्युमिनियमचा मोठा दोष म्हणून सांगितला जातो तो असा की, तो वाकतो. लाकडी चौकटीवर आदळला, दुसऱ्या बाणावर बसला, जमिनीत शिरला, की वाकतो वा त्यास पोचा पडतो. आम्ही मात्र परतणाराच्या दृष्टीने हाच त्याचा गुण समजतो. त्याला जे झाले ते तो दाखवितो. दोन अंगठ्यांच्या नखांवर दांडा ठेवून फुंकर घालून फिरवावा. सरळ असेल तर गुळगुळीत फिरतो, वाकलेला असेल तर नखांवर टकटक करतो. थोडा वाक सरळ करता येतो. पोचा पडलेला किंवा तडा गेलेला बाण बाजूस काढावा. लहान मुलालाही हे शिकविता येते. शिवाय टोक बसविण्याचा गरम डिंक सहज वितळवून दांडा कापता येतो, टोक पुन्हा बसविता येते, आणि उंची वाढणाऱ्या मुलासाठी संच बदलावा लागला तरी घरखर्च कोलमडत नाही.

फायबर ग्लासचे दांडे लहान मुलांच्या खेळण्यातील धनुष्यांबरोबर येतात. जड असतात, एकसारखे नसतात, कुसळे सोडतात. त्यांविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

कार्बनविषयी मात्र थांबून लिहिले पाहिजे. १९८० च्या दशकापासून या दांड्यांनी स्पर्धांचे स्वरूप पालटले. कार्बनचा दांडा हलका, बारीक आणि ताठर; वाऱ्याला कमी अंग देतो, दूर जातो, आणि वळवळ लवकर शमवून स्थिर होतो. तो वाकत नाही. एक तर सरळ असतो किंवा फुटलेला असतो. मधली अवस्था नाही, असे म्हणतात. धोका त्या म्हणण्यातच दडलेला आहे, कारण मधली अवस्था असते, ती फक्त डोळ्यांना दिसत नाही. लक्ष्यात आधी रुतलेल्या बाणावर दुसरा घासून गेला, तर दांड्याला केसाएवढा तडा जातो. बाहेरून बाण नवा दिसतो. पुढच्या वेळी दोरीचा पूर्ण दाब त्यावर आला, की तो धनुष्यातच फुटतो आणि सुईसारखे तुकडे धनुष्य धरलेल्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात घुसतात. क्ष-किरण चित्रात हे तंतू सहज दिसत नाहीत. ते काढणे डॉक्टरांनाही जिकिरीचे होते.

म्हणून आमच्या मैदानावर कार्बन वापरणाराने, वय व पदके काहीही असोत, लक्ष्यातून काढलेला प्रत्येक बाण भात्यात ठेवण्यापूर्वी तपासलाच पाहिजे. दोन्ही टोके धरून दांडा कानाजवळ आणून हलकेच वाकवावा, फिरवून पुन्हा वाकवावा. बारीक करकर ऐकू आली तर बाण बाद. दोन्ही हातांनी किंचित पिळून पाहावा. कापसाचा बोळा दांड्यावरून फिरवावा; तंतू अडकला तर बाण बाद. बाद झालेला बाण तेथेच मोडून डब्यात टाकावा, म्हणजे कोणी तो 'अजून चांगला आहे' म्हणून उचलणार नाही. दांडा करवतीने कापू नये, त्याचे पदर सुटतात. वेगाने फिरणाऱ्या चकतीने, पाण्याखाली किंवा तोंडाला मुखपट्टी बांधून कापावा, कारण ती धूळ फुप्फुसात जाणे बरे नव्हे. टोक बसविताना विस्तव टोकाला दाखवावा, दांड्याला नाही. तापलेल्या कार्बनमधील राळ नरम पडते. आणखी एक गोष्ट मैदान सांभाळणाऱ्या मंडळींची. चुकलेला कार्बनचा बाण गवतात आडवा शिरला, की दिसत नाही. त्याच मैदानावर संध्याकाळी पहिली-दुसरीची मुले अनवाणी धावतात. बाणांची मोजणी पुरी झाल्याखेरीज सराव संपला असे आम्ही मानत नाही.

हलका बाण म्हणजे अधिक गुण, ही समजूत किती खरी आहे, ते आकडे मांडून पाहण्यासारखे आहे. हवेचा विरोध सोडून द्यावा. बाण सेकंदाला ५० मीटर वेगाने गेला तर १८ मीटर अंतर कापण्यास त्याला ०.३६ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात तो सुमारे ६४ सेंटिमीटर खाली येतो. हलक्या बाणाने वेग ५५ मीटर झाला तर तो सुमारे ५३ सेंटिमीटर खाली येतो. फरक ११ सेंटिमीटरांचा, आणि तोही साइट थोडी सरकवली की भरून निघतो. अठरा मीटरवर हलक्या बाणाने काहीच मिळविले नाही. ७० मीटरवर चित्र पालटते. पहिला बाण सुमारे ९.६ मीटर खाली येतो, दुसरा ७.९ मीटर. हलक्या पाउंडेजच्या धनुष्यावर जड बाण लावला तर साइट खाली सरकवूनही पुरत नाही, हा अनुभव तेथे येतो. म्हणजे दूर जावयाचे असेल तेव्हा कार्बनची गरज खरी आहे.

परंतु याच हिशेबातून दुसरी गोष्ट निघते, ती अधिक महत्त्वाची. समजा, संचातील एक बाण इतरांपेक्षा सेकंदाला एकच मीटर मंद आहे. १८ मीटरवर तो अडीच सेंटिमीटर खाली लागेल. ७० मीटरवर तो सुमारे ४० सेंटिमीटर खाली लागेल. आणि १२२ सेंटिमीटरच्या त्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ १२.२ सेंटिमीटर व्यासाचे असते. २५ ग्रॅमच्या बाणात एका ग्रॅमचा फरक असला तरी वेगात जवळपास एवढी तफावत पडू शकते. तेव्हा बाण कशाचा आहे यापेक्षा सहाही बाण सारखे आहेत काय, हे आधी पाहिले पाहिजे. कार्बनच्या महागड्या संचातील तीन बाण हरवल्यावर त्यांत दुसऱ्या मापाचे तीन मिसळून खेळणारा मुलगा, तोलून निवडलेल्या बांबूच्या बाणांनी खेळणाऱ्या मुलापेक्षा मागे पडतो, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

तेव्हा आमचे मत असे. ज्यांना पुन्हा बांबूच्या धनुष्याकडेच यावयाचे आहे, त्यांनी बांबूचे बाण स्वतः निवडून, तोलून बनवावेत. ते काम हा त्या खेळाचा अर्धा आनंद आहे. रिकर्व्हवर परतणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी पहिले सहा महिने ते वर्षभर ॲल्युमिनियमचे आठ बाण वापरावेत. या काळात पाउंडेज दोनदा-तीनदा बदलेल, ओढ वाढेल, त्याबरोबर स्पाइनही बदलावी लागेल. हे सर्व प्रयोग स्वस्त आणि प्रामाणिक दांड्यावर व्हावेत. मुलांच्या बाबतीतही हेच, आणि अधिकच आग्रहाने. पाउंडेज स्थिर झाले, ३० मीटरवर सहा बाण सातत्याने एकत्र बसू लागले आणि ५०-७० मीटरची स्पर्धा समोर आली, म्हणजे कार्बन घ्यावा. तोही प्रथम साध्या प्रतीचा. ॲल्युमिनियमच्या गाभ्यावर कार्बन चढविलेले, मध्ये फुगीर आणि टोकांकडे निमुळते दांडे, जे १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून मोठ्या स्पर्धांत दिसतात, ते उत्तम आहेत यात शंका नाही. परंतु त्यांच्या एका संचाच्या किमतीत शाळेतील अनेक मुलांचे वर्षभराचे ॲल्युमिनियमचे बाण येतात. ज्या माजी विद्यार्थ्यांना शाळेस काही भेट द्यावयाची इच्छा आहे, त्यांनी हा हिशेब मनात ठेवावा.

माळ्यावरील जुन्या साहित्याविषयी थोडे लिहून थांबतो. दोरी जुनी असेल तर ती काहीही न पाहता बदलावी. धनुष्याचे बाहू उजेडात धरून, बोट फिरवून, पदर सुटले आहेत काय ते पाहावे. बाणांच्या बाबतीत सर्वांत आधी नॉक पाहावेत, ज्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. प्लॅस्टिक दहा वर्षे उन्हात-उष्ण्यात राहिले की ठिसूळ होते. नॉक सुटतेवेळी फुटला, तर दोरी बाणाशिवाय सुटल्यासारखे होते आणि धनुष्य तडकते. सर्व नॉक नवे घालावेत. खर्च किरकोळ आहे. दोरीवर नॉक लावून बाण खाली लोंबू द्यावा. दोरीवर टिचकी मारल्यावर तो सुटून पडला तर खाच बरोबर, न पडला तर घट्ट, आणि टिचकीआधीच पडला तर सैल. पिसांना कसर लागली असेल तर ती बदलावीत. दांड्यावर आपल्या नावाची आद्याक्षरे लिहावीत. स्पर्धेचा तो नियम आहेच, शिवाय शाळेच्या मैदानावर एका वेळी दहा जणांचे बाण एकाच गाठोड्यात असतात.

भांडारात सध्या झुकाव मोजण्याची लाकडी चौकट, ८८० ग्रॅम व २ पाउंडांची वजने आणि एक लहान काटा ठेवलेला आहे. ज्यांना आपले जुने बाण मोजून पाहावयाचे असतील, त्यांनी रविवारी सकाळी सराव सुरू होण्यापूर्वी ते घेऊन यावे. येताना धनुष्यही आणावे. त्यावाचून बाण कसा आहे हे सांगता येत नाही.